मे महिन्यात साताऱ्याजवळ रानफुलं, पक्षी दिसतात का? की कासच्या हंगामाचीच वाट बघायची?

दिसतात की! कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. मेमध्ये पठारावर नुसता जांभा आणि वाळलं गवत. त्यामुळे पठारावर वेळ न घालवता पुढे बामणोलीच्या रस्त्याला झाडीत थांबा. एप्रिलमध्येच जमलं तर अंजनीचा बहर बघा, थेट फांदीलाच चिकटलेले निळेजांभळे झुबके. मेमध्ये करवंदं पिकतात, बुलबुलांची झुंबड उडते. (तुम्हीही खा, चिकाने ओठ चिकटतील एवढंच.) झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी (झाडावर वाढणारं ऑर्किड) लोंबताना दिसली तर फोटो काढा, तोडू नका.

माझं मत विचाराल तर खरी मजा मेअखेरीस, वळीव पडून गेल्यावर. तेव्हा नवरंग येतो. आधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, मग कुठेतरी पाचोळा हलतो. आखूड शेपटीचा हा पक्षी जमिनीवर उड्या मारत पानं उलटवून किडे टिपतो. पाठ हिरवी, शेपटीखाली लालभडक. जागचे हलू नका, उजेड फुटतानाच जा.

सांगलीकडून येणार असाल तर सागरेश्वर अभयारण्य जवळ पडेल. उन्हाळ्यात चितळ, सांबर पाणवठ्यावर येतात, दुपारी मात्र काही दिसायचं नाही.