वाचकांचे प्रश्न : स्थळाचा फोटो आणि मोसंबीची बाग

प्रश्न : वय २४. दोन वर्षांपासून सगळे फोटो ब्युटी मोडवरच काढते. आता साधा फोटो बघवत नाही, नाक मोठं आणि रंग काळपट वाटतो. घरचे स्थळ बघायलेत, बायोडाटाला तोच गोरा केलेला फोटो लावलाय. रविवारी लातूरचे पाहुणे यायलेत. छातीत धडधडतं. काय करू?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : आधी नाकाचं बघू. सेल्फी काढताना कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूट-दोन फुटांवर असतो. चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाक, म्हणून तेच मोठं उमटतं आणि कान मागे जातात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला : दीड मीटरवरून दिसणाऱ्या नाकापेक्षा ३० सेंटिमीटरवरून तेच नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. तेव्हा ज्या सेल्फीला तुम्ही खरा चेहरा समजून घाबरता, तोही तुमचा चेहरा नाही. शिवाय आपल्याला आरशातल्या उलट्या चेहऱ्याची सवय असते. काही फोन सेल्फी सुलटी करून साठवतात, मग तीच परक्यासारखी वाटते.

आता नवा फोटो काढा. बहिणीच्या हातात फोन द्या, मागचा कॅमेरा वापरा. ती दीड-दोन मीटर लांब उभी राहील. चौकट रिकामी वाटली तर पुढे येऊ नये, दुप्पट झूम करावं. कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या रेषेत हवा, खालून धरला की हनुवटी जड दिसते. वेळ सकाळची, जागा ओसरीची सावली, तोंड उजेडाकडे. आपल्याकडे दुपारी बाराच्या उन्हात कुणाच्याही डोळ्यांखाली काळं पडतं. लेन्स ओढणीच्या टोकाने पुसून घ्या, बोटांच्या तेलाने चेहऱ्यावर धुकं येतं. ब्युटी मोड पूर्ण शून्यावर आणा. बऱ्याच फोनमध्ये त्वचेचा गुळगुळीतपणा आणि रंग यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, एक शून्य केली तरी दुसरी चालूच राहते.

हा फोटो रविवारच्या आधी मध्यस्थांमार्फत पाठवा. सोबत एवढंच लिहा : 'आधीच्या फोटोला फिल्टर होता, हा आत्ताचा.' व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटोची स्पष्टता कमी होत नाही. घरचे म्हणतील, कशाला सांगायचं. आमचं मत स्पष्ट आहे : काजळ लावा, पावडर लावा, आवडती साडी नेसा, ते नटणं आहे. रंग आणि नाक बदललेला फोटो बघून मात्र समोरचं घर आयुष्याचा निर्णय घेतं. आणि गोरा फोटो बघूनच जे येणार होते, ते रविवारी न आलेले बरे.

धडधडीचं कारणही यातच आहे. मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये मांडलं, की आपण आहोत तसे आणि आपल्याला व्हावंसं वाटतं तसे, यात अंतर पडलं की माणूस खचतो. आणि 'असंच असायला हवं' असं जे मनात बसलेलं असतं, त्याच्याशी अंतर पडलं की धास्ती बसते. तुमची धडधड या दुसऱ्या प्रकारातली आहे. रोजच्या फोटोंचा फिल्टर एका दिवसात बंद करणं जड जाऊ शकतं. तिथे पट्टी दर आठवड्याला थोडी खाली आणा. आरशासमोर रोज तासन्‌तास जात असतील, बाहेर पडणंच टळत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी बागेच्या रील टाकतो. यंदा मोसंबीची फळगळ जबर झाली, म्हणून मागच्या वर्षीचे व्हिडिओ टाकायलो. एका टॉनिकवाल्याने फुकट बाटल्या दिल्या, त्याही दाखवल्या. लोक 'दादा, डोस सांगा' विचारायलेत.
— एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : जुना व्हिडिओ टाकायला हरकत नाही, पण पडद्यावर वर्ष, बहार (फुलोऱ्याचा हंगाम) आंबे की मृग, आणि झाडांचं वय लिहा. या बाटल्या त्या फळांना वापरल्याच नसतील, तर ती रील आजच काढून टाका. तिच्या भरवशावर कुणी उसनवारी करून फवारणी करील. फुकट मिळालेली वस्तूही जाहिरातच धरली जाते. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या जाहिरात मानक परिषदेच्या (ASCI) २०२१ च्या नियमांनुसार १५ सेकंदांहून छोट्या व्हिडिओत 'जाहिरात' ही पाटी किमान ३ सेकंद दिसावी, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, तोंडी 'मित्राने दिलंय' म्हणून सुटका नाही.

यंदाची फळगळ दाखवाच. झाडाखालची फळं गोळा करून मोजा, देठ जवळून दाखवा, पाणी कधी दिलं, पाऊस कधी लागून राहिला ते सांगा. डोस विचारणाऱ्याला बाटलीचं नाव देऊ नका; गळ पाण्याच्या ताणाने, बुरशीने की रस शोषणाऱ्या पतंगाने, हे ठरल्याशिवाय डोस सांगताच येत नाही. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात गळलेली फळं घेऊन जा आणि तिथे जे निदान होईल, त्याचीच पुढची रील करा.