डायनॅमिक साइटची पानं गुगलवर येत नाहीत. सगळी स्टॅटिक करावी लागतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या पुस्तकांच्या विक्रीची साइट पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून बनवून घेतली, तीन हजारांवर पुस्तकं भरली, पण गुगलवर मुखपृष्ठ, ‘आमच्याविषयी’ आणि ‘संपर्क’ एवढीच पानं दिसतात. बनवणारा म्हणतो, साइट डायनॅमिक आहे (पान मागितलं की डेटाबेसमधून तेव्हाच तयार होतं) म्हणून असं होतं. सगळी पानं स्टॅटिक, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या फाइली, करून देतो, त्याचे वेगळे पैसे.

पैसे देऊ नका. निदान इतक्यात तरी नको.

त्याचं म्हणणं खोटं नाही, शिळं आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी या कामात पडलो तेव्हा पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) प्रश्नचिन्ह दिसलं की सर्च इंजिनं बिचकायची, कारण अशा पत्त्यामागून किती पानं निघतील याचा नेम नसायचा. मग आम्ही सगळेच अपाचे या वेब सर्व्हरचं, पत्ते बदलून दाखवणारं मॉड-रीराइट लावून पत्त्यांना साध्या फाइलींचा मुखवटा चढवायचो. सप्टेंबर २००८मध्ये गुगलनंच सांगून टाकलं की डायनॅमिक पत्ते आम्हाला वाचता येतात, उगाच खोटे स्टॅटिक पत्ते बनवत बसू नका. पान डेटाबेसमधून निघालं की कुणी हातानं लिहिलं, हे बॉटला (सर्च इंजिनच्या, पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) कळायचं कारणच नाही. त्याच्या हातात तयार एचटीएमएल पडतं.

मग अडतंय कुठे? एक करून बघा. मुखपृष्ठ उघडा आणि सर्च बॉक्सला किंवा ‘लेखक निवडा’च्या ड्रॉपडाउनला हात न लावता, नुसत्या लिंकांवर क्लिक करत एका ठरावीक पुस्तकापर्यंत पोचून दाखवा. माझी पैज आहे, पोचता येणार नाही.

अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या दुकानांत आपण काउंटरवर उभं राहून नाव सांगतो आणि पोरगा माळ्यावरून पुस्तक काढून आणतो. तुमची साइट तशी आहे. बॉट काउंटरवर येतो, पण त्याला नाव सांगता येत नाही. तो सर्च बॉक्समध्ये ‘ऐतिहासिक कादंबरी’ टाइप करत नाही. त्याला पुस्तक प्रदर्शनासारखी उघडी मांडणी लागते: विषयांची यादी, विषयावर क्लिक केलं की त्यातली पुस्तकं, खाली पान १, २, ३, आणि प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता. शिवाय लेखकवार यादी असेल तर सोन्याहून पिवळं. हे पीएचपीत दोन दिवसांचं काम आहे, डेटा तुमच्याकडे आहेच.

यात एक मेख आहे. लिंक दिसायला लिंक असून चालत नाही. तिच्यावर उजवं क्लिक करा. ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ असा पर्याय आला आणि त्यातून खरंच ते पान उघडलं तर ती खरी लिंक. नाही उघडलं, तर जावास्क्रिप्टनं चिकटवलेलं बटण आहे, आणि बॉट बटणं दाबत फिरत नाही. नुसतं ‘आणखी दाखवा’ असेल तर बॉटसाठी तुमची यादी पहिल्या वीस पुस्तकांवर संपली.

रस्ता झाला की दुसरं दुखणं सुरू होतं, ते पत्त्यांचं. एकदा एका बियाणं विक्रेत्याच्या साइटचा सर्व्हर लॉग (कोण कुठल्या पत्त्यावर आलं याची नोंदवही) मी रात्री बसून चाळला होता. भेंडीच्या एकाच वाणाचं पान गुगलबॉटनं एका आठवड्यात अकरा वेगवेगळ्या पत्त्यांवरून उचललं होतं. कुठे शेवटी ‘किमतीनुसार लाव’ अशी जोडलेली सूचना (पॅरामीटर), कुठे आयडीच्या आधी विभाग, कुठे विभागाच्या आधी आयडी, आणि बऱ्याच ठिकाणी बत्तीस अक्षरांचा सेशन आयडी, म्हणजे त्या भेटीची ओळखखूण. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. बॉट कुकी (साइटनं ब्राउझरला दिलेली ओळखचिठ्ठी) सांभाळत नाही, म्हणून पीएचपी प्रत्येक फेरीला त्याला नवा सेशन देतं, तो पत्त्याला जोडतं, आणि तीच पानं बॉटला रोज नवी वाटतात. तिकडे नव्वद पानं अशी घासून घासून वाचली गेली आणि बाकीच्या चारशेंकडे तो फिरकलाच नव्हता. पत्त्यातून सेशन पाठवणं पीएचपीच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं. आता ते मुळातच बंद असतं, पण जुन्या साइटवर कुणीतरी चालू करून ठेवलेलं सापडतं.

बाकीच्या दुहेरी पत्त्यांसाठी कॅनॉनिकल टॅग आहे. फेब्रुवारी २००९मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी एकदमच तो स्वीकारला. प्रत्येक पुस्तकाच्या पानात ‘माझा खरा पत्ता हा’ असं सांगणारी ती एक ओळ. सर्च इंजिन ती आज्ञा म्हणून नाही, सूचना म्हणून घेतं, तेव्हा साइटच्या आतल्या सगळ्या लिंकाही त्याच एका पत्त्याकडे जाऊ द्या. पत्ते बदललेच तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ (‘कायमचं इकडे हललं’ असा सर्व्हरचा कोड) लावा.

पत्त्यात पुस्तकाचं मराठी नाव घालावं का, हे पुढे विचारालच. घालता येतं, पण आतून काय होतं ते ऐका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलंतसुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं. नुसत्या ‘महाराष्ट्र’ या शब्दाचे नव्वद. साइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये स्लगला (पत्त्यातल्या नावाच्या भागाला) २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे बावीस चिन्हांत गाडी थांबते आणि लांब नावाची पुस्तकं शेपूट तुटून बाहेर पडतात. त्यात आपला ‘ऱ्या’! ‘दऱ्या’ हा शब्द काही कीबोर्ड वेगळ्या ऱ-नं लिहितात, काही साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला एकच, यंत्राला दोन शब्द, म्हणून दोन पत्ते. मी तरी आयडी आणि पुढे रोमन लिपीतलं छोटं नाव ठेवतो. डेटाबेस फक्त आयडी बघतो, नाव शोभेला. नाव चुकलं तर योग्य पत्त्याकडे ३०१. शीर्षक आणि मजकूर मात्र शुद्ध मराठीत, युनिकोडमध्येच. जुनी यादी डीटीपीच्या फॉन्टमधून तशीच चिकटवली असेल तर गुगलला तिथे अगम्य रोमन अक्षरं दिसताहेत, आणि मग वरचं काहीही करून उपयोग नाही.

पानाचं टायटलही बघून घ्या. तीन हजार पानांवर ‘सुस्वागतम्’ असं एकच टायटल मी पाहिलेलं आहे. टेम्प्लेटमध्ये पुस्तकाचं नाव आणि लेखक टाकायला एक ओळ लागते.

तुमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे जी नव्या पुस्तकांच्या दुकानाला इतकी छळत नाही: जुन्या पुस्तकाची प्रत एकच असते आणि ती विकली जाते. मग काय दिसतं? बहुतेक साइटवर ‘पुस्तक सापडले नाही’ असं पान येतं, पण सर्व्हर आतून २०० म्हणजे ‘सगळं ठीक’ असा कोड देतो. ४०४ म्हणजे ‘पान नाही’ हा कोड, म्हणून गुगल याला सॉफ्ट ४०४ म्हणतं, आणि अशी शेकडो पानं साठली की बॉटच्या फेऱ्या त्यांच्यावरच खर्च होतात. दुसरी प्रत येण्याची शक्यता असेल तर पान राहू द्या, ‘सध्या विकले गेले’ लिहा, त्याच लेखकाच्या इतर पुस्तकांच्या लिंका द्या. पुन्हा येणारच नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० (‘कायमचं गेलं’) द्या. त्या रिकाम्या पानांना मुखपृष्ठावर ढकलू नका. ती युक्ती सगळ्यांना सुचते आणि गुगल तिलाही सॉफ्ट ४०४च धरतं.

जावास्क्रिप्टबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमची साइट पीएचपीची आहे. एवढंच बघा: ब्राउझरच्या ‘व्ह्यू सोर्स’मध्ये (पानाचा मूळ कोड दाखवणाऱ्या पर्यायात) पुस्तकाचं नाव आणि किंमत दिसते का? दिसत असेल तर सोडून द्या. नसेल, तरी गुगल मे २०१९पासून अद्ययावत क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) वापरून पान उभं करून बघतं, पण ते काम रांगेत जातं, आणि सगळीच सर्च इंजिनं इतका खटाटोप करत नाहीत.

साइटमॅप, म्हणजे सर्च इंजिनला द्यायची पत्त्यांची यादी, सगळ्यात शेवटी. एका एक्सएमएल फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, तुमचं सगळं दुकान एकीत बसेल. ती डेटाबेसवरूनच तयार होऊ द्या, आणि ‘शेवटचा बदल’ या रकान्यात खरी तारीख टाका. रोज सगळ्यांना आजची तारीख लावली तर गुगल तो रकाना वाचायचं सोडून देतं. पण साइटमॅप ही लिंकांची बदली नाही. नुसता साइटमॅप देऊन मोकळं झालेल्यांची पानं साइटमालकांसाठीच्या गुगल सर्च कन्सोलमध्ये ‘सापडलं, पण इंडेक्स नाही’ (शोधाच्या यादीत घेतलेलं नाही) या खान्यात महिनोन्महिने पडून असतात.

आणि कुणी सांगेल, नको असलेली पानं रोबॉट्स फाइलीत (बॉटनं कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलीत) अडवा आणि वर पानात नोइंडेक्स (‘मला यादीत घेऊ नका’) हा टॅगही लावा. दोन्ही एकदम करू नका. दारच बंद केलं तर आत लावलेली नोइंडेक्सची पाटी तो वाचणार कसा?

बनवणाऱ्याकडून आधी गेल्या महिन्याचा अ‍ॅक्सेस लॉग मागून घ्या. तो तुमच्या सर्व्हरचा आहे, त्याचे पैसे लागत नाहीत. त्यात गुगलबॉटच्या ओळी शोधा (कुणीही ते नाव लावून फिरतं, म्हणून आयपी पत्त्यावरून उलटं नाव शोधून तो खरंच गुगलचा आहे का तपासा) आणि तो कुठल्या पत्त्यांवर गेला ते इथे कॉमेंटमध्ये टाका. पुस्तकांच्या पानांवर एकदाही गेला नसेल, तर वरच्या काउंटरच्या परिच्छेदापासून सुरुवात करा.