जुन्या गाडीची बॉनेटची नॉब ओढली जाते, पण बॉनेट उघडत नाही. काय करावं?

एकाला लॉकच्या बरोबर वर दोन्ही तळव्यांनी बॉनेट खाली दाबायला सांगा आणि त्याच वेळी दुसऱ्याने आतली नॉब ओढून धरावी. बहुतेकदा एवढ्यानेच सुटतं. कारण बॉनेटखालची स्प्रिंग लॉकमध्ये अडकणाऱ्या बॉनेटच्या पिनला वर ढकलत असते, त्यामुळे लॉकचा हुक पिनवर घट्ट आवळून बसतो. त्यात ग्रीस वाळलेलं असलं, की केबलची ओढ कमी पडते. दाबलं की हुकवरचा भार उतरतो. तरीही हललं नाही तर ग्रिलच्या फटीतून लांब नळीने लॉकवर गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. नॉब तुटून हातात आली असेल तर आतली तार पकडीत धरून सरळ रेषेत ओढा. पहार किंवा स्क्रूड्रायव्हर घालून बॉनेट उचकटू नका. पत्र्याची कड वाकते, आणि जुन्या गाडीचं मूळ बॉनेट परत मिळणं फार अवघड. उघडल्यावर लॉकला ग्रीस लावा, हुकला एक जादा तार बांधून ती खालून हाताला येईल अशी ठेवा. मात्र हे फक्त केबलच्या लॉकला लागू. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डचा अख्खा पुढचा भाग पुढे कलतो. तिथे दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कड्या तपासा.