बँड भेटत नसला तरी चरित्र लिही

बँडने भेट नाकारली म्हणून हातपाय गाळू नकोस. सार्वजनिक नोंदींवर आधारलेली जीवनकथा विनापरवानगी छापता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल खटल्यात सांगितलंय. घरातलं, आजारपणातलं खासगी मात्र उकरू नकोस. गाणी पानभर उतरवूही नकोस. गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट टिकतो.

खरा माल कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदावर सापडतो. बारीक अक्षरातली नावं वाच: रेकॉर्डिस्ट, स्टुडिओ, आभार. गायक तोंड उघडणार नाही, पण बँड सोडून गेलेला ड्रमर किंवा साउंडवाला भरभरून बोलतो. हे सावंतवाडीत बसून फोनवरही जमतं. मुंबईची खेप जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींसाठी राखून ठेव. बँडची नावं बदलतात हे ध्यानात असू दे. मुंबईच्या 'रॉक मशीन' या रॉक बँडचं 1993 मध्ये 'इंडस क्रीड' झालं, म्हणजे शोध दोन्ही नावांनी घ्यायचा. आठवणीतली तारीख छापील पुराव्याशी ताडल्याशिवाय लिहायची नाही, सांगणारा कितीही जवळचा असो.

आणि हो, आपल्याकडच्या पावसात कॅसेटला बुरशी धरते. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती प्लेअरमध्ये घालूच नकोस. आधी जाणकाराकडून साफ करून घे, मग लगेच डिजिटल प्रत काढ.