आईला आता बारीक अक्षरं वाचवत नाहीत. मराठी वेबपान मोठ्याने वाचून दाखवणारं काही फुकट मिळेल का?

हो, मिळेल. लॅपटॉप असेल तर मायक्रोसॉफ्ट एज हा ब्राउझर उघडा, लेखावर जाऊन कंट्रोल + शिफ्ट + यू दाबा. वर पट्टी येईल, तिथल्या व्हॉइस ऑप्शन्समध्ये मराठीचे दोन आवाज आहेत: आरोही आणि मनोहर. इंग्रजी आवाज निवडलेला राहिला तर देवनागरी नीट वाचली जात नाही, म्हणून हे आधी बघा. वेगही तिथेच कमी करा; माझ्या आईला नेहमीपेक्षा थोडा संथ आवाजच आवडतो. या आवाजांना इंटरनेट लागतं.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ (निवडलेला मजकूर वाचून दाखवणारी सोय) चालू करा आणि टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये, म्हणजे फोनच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये, मराठी आवाज उतरवून घ्या.

एक अडचण मात्र येतेच. जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळेल अशा पद्धतीत, नसतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरंच असतात, त्यामुळे आवाज काहीतरी भलतंच बरळतो. त्यात आवाजाचा दोष नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये मिळतो का, ते शोधा.

पुढेमागे अजिबातच दिसेनासं झालं, तर विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावा. तो फक्त लेख नाही, बटणं आणि मेनूसुद्धा वाचतो.