खालच्या न्यायालयांत महिला न्यायाधीश बऱ्याच दिसतात, मग सर्वोच्च न्यायालयात इतक्या कमी का?

मुख्य कारण नेमणुकीच्या पद्धतीत आहे. कनिष्ठ न्यायालयांत बहुतेक जण स्पर्धा परीक्षा देऊन येतात. तिथे महिलांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलंय. उच्च न्यायालयात परीक्षा नसते. कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ, नावं सुचवतं, आणि त्यातली बरीचशी नामवंत वकिलांमधली असतात. त्या वर्तुळात स्त्रिया मुळातच थोड्या, म्हणून तिथे प्रमाण साधारण १४ टक्क्यांवर अडकलंय. आणि सर्वोच्च न्यायालयात बहुतेक जण उच्च न्यायालयांतल्या ज्येष्ठ न्यायाधीशांमधूनच येतात.

दुसरी गोष्ट वयाची, आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. उच्च न्यायालयातून ६२व्या वर्षी निवृत्ती, सर्वोच्च न्यायालयातून ६५व्या. उच्च न्यायालयात पंचेचाळिशीत नेमणूक झाली तर ज्येष्ठता मिळवायला वर्षं हाताशी असतात. पंचावन्नाव्या वर्षी झाली तर वेळच उरत नाही. कनिष्ठ न्यायालयांतून पायरी पायरीने वर आलेल्यांचं अनेकदा हेच होतं.

न्या. फातिमा बीवी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेल्या पहिल्या महिला. २०२१ मध्ये एकाच दिवशी तिघींनी शपथ घेतली, तेव्हाही ३४ पदांमध्ये महिला होत्या चारच. ज्येष्ठताक्रम पाळला गेला तर त्या तिघींपैकी न्या. नागरत्ना २०२७ मध्ये पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, पण जेमतेम महिनाभरासाठी. हे बदलायचं तर कर्तबगार महिला वकिलांची नावं चाळिशीतच पुढे यायला हवीत.