भाडं अडवलं, भत्ता कापला

प्रश्न : मी इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेच्या) घरात दोन मुलांसह राहते. शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करते, महिन्याला ५२० पौंड मिळतात; बाकी युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यावर भागतं. बाथरूमच्या भिंतीला ओल आणि काळी बुरशी आहे. तक्रारी करून थकले, शेवटी सहा महिने दरमहा ११० पौंड भाडं अडवून ठेवलं. आता भत्त्यातून ४०.०१ पौंड कापले गेले आणि घरभाड्याचा भागही परस्पर घरमालकाकडे गेला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. हे चालतं का?

उत्तर : ताई, ४०.०१ हा आकडाच बोलतो. २०२५-२६ मध्ये एकट्या, पंचविशीपुढच्या व्यक्तीचा मूळ भत्ता महिन्याला ४००.१४ पौंड होता आणि हे त्याचे दहा टक्के. म्हणजे तुमच्या घरमालकाने भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याकडे थकबाकीची वसुली मागितली आणि ती मान्य झाली. अशी वसुली कायद्यात बसते. पण कुणालाही, केव्हाही लावता येत नाही.

सर्वांत आधी पगारचिठ्ठी काढा. थकलेल्या भाड्यासाठी कपात सुरू करायची, तर आधीच्या महिन्यातली तुमची कमाई ‘वर्क अलाउन्स’च्या (ज्या कमाईपर्यंत भत्ता कमी होत नाही, त्या मर्यादेच्या) पुढे गेलेली नसावी लागते. मुलं असणाऱ्या आणि घरभाड्याची मदत घेणाऱ्यांसाठी २०२५-२६ मध्ये ही मर्यादा महिन्याला ४११ पौंड होती. तुम्ही ५२० कमावता. आधीच्या महिन्यातही एवढाच पगार आला असेल, तर कपात सुरूच व्हायला नको होती. माझ्या मते तुमची सगळ्यात भक्कम बाजू हीच.

दुसरं म्हणजे भाड्याचं स्टेटमेंट. पत्रासोबत तुम्ही जोडलंय त्यात थकबाकी १,२६० पौंड दिसते, पण तुम्ही अडवले फक्त ६६०. मधले ६०० कुठून आले? तुमचं भाडं आठवड्याला १४० पौंड, तेही आगाऊ; युनिव्हर्सल क्रेडिट मात्र महिना संपल्यावर येतं. त्यामुळे साधारण एका महिन्याचं भाडं कायम ‘थकलेलं’ दिसतं. खातं सहसा दोन महिन्यांच्या थकबाकीवर अशी विनंती मान्य करतं. दोन महिन्यांचं भाडं होतं सुमारे १,२१३ पौंड. ते ६०० वजा केले की तुमची खरी थकबाकी ६६० उरते, म्हणजे या दोन महिन्यांच्या भाड्याच्या निम्म्याच्या जवळपास.

आणि हो, न विचारता कापलं, हा तुमचा राग रास्त आहे. एका भाडेकरूच्या दाव्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हीच पद्धत बेकायदा ठरवली. सामाजिक घरमालकांच्या (हाउसिंग असोसिएशन किंवा नगरपालिकेच्या) विनंत्या संगणक आपोआप मंजूर करत होता, भाडेकरूला बाजू मांडायची संधीच मिळत नव्हती. युनिव्हर्सल क्रेडिटच्या तुमच्या ऑनलाइन जर्नलमध्ये (खात्याशी लेखी बोलायच्या जागेत) आजच लिहा : थकबाकी वादातली आहे, कमाई मर्यादेपुढे आहे, माझं म्हणणं ऐकलेलं नाही, निर्णयाचा फेरविचार करा आणि थेट भरणाही थांबवा. निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत लिहायचं. फोनवर बोलून समाधान मानू नका. फोनचा कागद होत नाही.

आता थोडं कडू. भाडं अडवायला नको होतं. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याची एक वाट इंग्लंडच्या कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे : आधी लेखी सूचना, अंदाजपत्रकं, वाट पाहणं, मग काम करवून घेणं आणि तेवढाच खर्च कापणं. नुसते पैसे रोखले की घर खाली करायचा दावा लागू शकतो. ते ६६० पौंड बाजूला ठेवले असतील तर भरून टाका, नसतील तर हप्ते ठरवा.

बुरशीचं भांडण वेगळं लढा, त्यात तुमचं पारडं जड आहे. रॉचडेलमध्ये २०२० साली घरातल्या बुरशीमुळे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्याच्या नावाचा नियम इंग्लंडमधल्या सामाजिक घरमालकांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. गंभीर ओल-बुरशी कळवली की दहा कामकाजी दिवसांत पाहणी करावीच लागते. तारीख दिसेल असे भिंतीचे फोटो काढा आणि ईमेलने पुन्हा तक्रार करा. जुन्या तक्रारींच्या तारखाही त्यात घाला. दाद लागली नाही, तर घरमालकाची अंतर्गत तक्रारप्रक्रिया पूर्ण करून हाउसिंग ओम्बड्समनकडे (घरमालकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे) जाता येतं, तेही विनाशुल्क.

जर्नलमधल्या नोंदीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. उत्तर आलं की मागच्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्यांसह मला पाठवा.